सगळं पुसून टाक

परवा नातीच्या शाळेत फळ्यावरच्या मार्कर पेनचा वास आला आणि सुमाअक्का आठवली.

तेव्हा मी लॅमिंग्टन रोडवर एका कॉम्प्युटर ऑफिसात शिपाई होतो. शाळा दुसरीत सुटलेली, अक्षरं जुळवून वाचायचो. तिथं काळ्या पडद्यावर टाइप करून चालवायचा मेलचा प्रोग्राम होता. आलेल्या मेलमध्ये कुणी हुकूम लिहिला, की प्रोग्राम तो वाचून दाखवायचं सोडून पाळायचाच. सायबांना हे पटेना. म्हणून तिथं प्रोग्राम लिहिणाऱ्या अक्कानं सकाळभर बसून फळ्यावर दुरुस्ती लिहिली आणि वर नमुन्याचा मेल: सगळं पुसून टाक.

मी वाचलं. फडका निळा होईपर्यंत सगळं पुसलं.

"अय्यो मारुती, काय केलास हे?"

"तुम्हीच लिहिलायसा की, अक्का."

नोकरी गेली म्हणून मी डबा उचलला. पण सायेब हसून म्हणाले, "आत्ता कळलं. प्रोग्राम म्हणजे हा मारुती. करा दुरुस्त."

अक्कानं परत सगळं लिहिलं आणि त्या ओळीला दोन्हीकडून अवतरणचिन्हं लावली. "ही दिसली की नुसतं वाचायचं, करायचं नाही." प्रोग्रामलाही तिनं तेच शिकवलं.

तो संध्याकाळपर्यंत सुधारला. मी राहिलो तसाच. काल बायको म्हणाली, "जावा मसणात!" मी पिशवी घेतली आणि विचारलं, "येताना काय आणू?"