बांगड्या काढून या
गोंदिया वेगळा होऊन आमचा जिल्हा निम्मा झाला, त्याच सुमारास माझ्या बोटांनी संप पुकारला. आधी सकाळी ती आखडायची, मग मनगटं सुजली, मग बोटं एका बाजूला कलली. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी आमवात आहे, औषध सोडू नका, असं बजावलं. मी मात्र दुखणं ओसरलं की गोळ्या बंद करायची आणि हात पदराखाली ठेवायची. तेव्हा मी नाकावर माशी बसू देत नव्हते. वाकडी बोटं लोकांना कोण दाखवत बसतंय?

सगळ्यात मोठी फजिती मोहाडीच्या बाजारात झाली. कासाराने साबण लावून माझा पंजा आवळला, बांगडी सांध्यांवर अडकली आणि फुटली. दुसरीही फुटली. "बाई, तुमच्या हाताचं माप माह्यापाशी नाही," तो म्हणाला. मागे थांबलेल्या बायका माझ्या हाताकडे बघत होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पुढच्या बाजारी येतो," म्हणून उठले, ती पुन्हा गेलेच नाही.

तेव्हापासून हातातल्या जुन्या हिरव्या बांगड्या जिवापाड जपल्या. मनगटं सुजून त्या इतक्या रुतल्या की वाजेनाशा झाल्या.

मग एका उन्हाळ्यात चालताना छाती आवळून यायला लागली. हाही वातच, असं मी परस्पर ठरवून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी तसं ठरवलं नाही. "ही सूज सांध्यांपुरती राहत नाही," त्या म्हणाल्या. "वर्षानुवर्षं अंगात राहिली की हृदयाच्या रक्तवाहिन्याही खराब करते. आजच ईसीजी काढा."

ईसीजीच्या खोलीतली मुलगी म्हणाली, "काकू, मनगटाले चिमटे लावायचे आहेत. बांगड्या काढून या."

काढायच्या कशा? त्या वरही सरकत नव्हत्या, खालीही उतरत नव्हत्या. म्हणजे फोडायच्या. नवरा धडधाकट, रोज वरठीच्या कारखान्यात पाळीला जातोय, आणि मी दवाखान्यात बसून बांगड्या फोडू? नव्या भरायच्या म्हटलं तर त्या चढणार नव्हत्या. भुंड्या हातांनी घरी गेले तर सासूबाई काय म्हणतील, शेजारणी काय म्हणतील, हेच डोक्यात. बाहेर गाडीपाशी हे उभे होते. मशीन बंद आहे, असं त्यांना सांगितलं आणि घरी आले. खोटं बोलल्याची लाज वाटली, पण हातांची लाज तिच्याहून मोठी होती.

त्याच आठवड्यात अंगण झाडताना छातीत कळ आली आणि मी खाली बसले. अंग घामाने थबथबलं. यांनी गाडी काढून मला दवाखान्यात नेलं.

ईसीजीच्या खोलीतल्या मुलीने मला लगेच ओळखलं. "काकू, त्या दिवशी बांगड्यायसाठी परत गेल्या ना तुम्ही?"

"तू तर मशीन बंद हाये म्हणत होती," हे म्हणाले.

माझी मान वर होईना. "निघत नाहीत," मी म्हटलं. "फोडाव्या लागतीन. तुमच्या नावाच्या हायेत त्या."

"माह्या नावाच्या हायेत ना? मंग मीच फोडतो."

गाडीच्या डिक्कीतली पक्कड आणून त्यांनी माझा हात पदराखालून ओढून घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता. बांगड्यांवर रुमाल टाकून त्यांनी एकेक चेपली. काच कडकन मोडली की मी डोळे मिटून घ्यायची.

ईसीजीत दोष निघाला, पुढचे उपचार झाले, हृदयाची औषधं लागली. आमवाताच्या गोळ्याही मी पुन्हा कधी बंद केल्या नाहीत. पण अजून चटका बसतो तो त्या खोलीतल्या पुढच्या दोन मिनिटांचा.

बांगड्या संपल्या तरी यांनी हात सोडला नाही. बोटं उलटीपालटी करून बघत होते. एका घरात राहून त्यांनी ती धड पाहिलीच नव्हती, मी पाहू दिली नव्हती.

"एवढी वाकली?" ते हळूच म्हणाले. "मले काहून नाही दाखवली?"

मी सवयीने पदर ओढायला गेले.

"काकू, हात हलवू नका," मुलगी म्हणाली आणि तिने दोन्ही मनगटांना चिमटे लावले. मशीन चालू झालं. माझे दोन्ही हात तसेच उघडे पडून होते आणि हे त्यांच्याकडे बघत उभे होते.