तोंड मिटलेली अक्का

माझ्या मोबाइलमध्ये भज्यांचे जेवढे फोटो आहेत तेवढे नातेवाइकांचे नाहीत. नळदुर्गची मिरचीभजी, तुळजापूरच्या स्टँडवरची गोल भजी, येडशीच्या फाट्यावरची कांदाभजी. झाऱ्यातून तेल ठिबकताना, वाफ निघताना, अर्धी खाऊन झाल्यावरसुद्धा. हे मी चारचौघांत ऐटीत सांगत आलो. पण अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, गेली आणि सहाव्या दिवशी सगळे माझ्याकडं बघायला लागले. तेराव्याला भिंतीवर लावायला तिचा फोटो हवा होता.

"पाव्हणं, तुमच्याकडं असंलच की," दाजी म्हणाले. "तुमी तर वांग्याचे बी फोटू काढता."

दुसरीकडं कुठं नव्हताच. लग्नातला फोटो सास्तूरच्या जुन्या घरासोबत भूकंपात मातीत गेला. आधारकार्डावर ती पोलिसांना हव्या असलेल्या बाईसारखी दिसते. तो मोठा करून लावू, असं कुणी बोललंसुद्धा नाही. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "दाजी, फोटो माझ्याकडं लागला." आणि घराबाहेर, निंबाखाली मोबाइल घेऊन बसलो.

अक्का, दाजी आणि मी, आम्ही तिघं वर्षातून तीन-चारदा एसटीनं फिरायचो. अक्का शेजारणींना "देवाला चाललो" म्हणून सांगायची आणि देवळाच्या पायरीवर पाच मिनिटं टेकून बाजारात शिरायची. आधी स्टँडसमोर भिजवलेल्या चुरमुऱ्यांचं गरम सुशीला, वर शेंगदाण्याचा कूट. मग तिचा खेळ सुरू. वस्तू आवडली की ती आधी तिला नावं ठेवायची, मग विकणारणीला लेकरं किती ते विचारायची, मग पाठ फिरवून चालायला लागायची. सहाव्या-सातव्या पावलाला मागून हाक यायची. नाही आली, तर ती थांबून चपलेचा अंगठा नीट करायची. तो अंगठा कधी तुटलेला नसायचा. दाजी पिशव्या धरून लांब उभे राहायचे, ही बाई आपली कुणी नाही अशा चेहऱ्यानं.

निंबाखाली मी एकेक फोटो सरकवत गेलो. अक्का सगळीकडं होती. भूमच्या पेढ्याखाली तिचा तळहात होता, कारण पेढा केवढा ते कळावं म्हणून मीच तिला धरायला लावला होता. चिंचेच्या ढिगावर तिच्या हिरव्या बांगड्या. किल्ल्याच्या भिंतीपाशी तिची पाठ. घासाघीस चाललेली असताना पदराचं टोक, कोपर, पाय. तोंड कुठंच नाही. कॅमेरा वळवला की ती म्हणायची, "माझं काय काढायलास? त्या काकडीचं काढ, बघ कशी हाय." आणि मी काकडीचा काढायचो. काकडी खरंच चांगली यायची.

दुपारी उन्हं कलल्यावर एक सापडला. भूमचा आठवडी बाजार, लोखंडी तव्यांची रास. अक्का तवा बोटाच्या पेरानं वाजवून बघत होती आणि मी राशीचा फोटो काढायला पुढं सरसावलो. गिऱ्हाइकाला माल आवडलाय हे त्यावरून दुकानवालीला कळलं. अक्का गर्रकन वळली. तोंड उघडं, बोट वर, डोळे थेट माझ्यावर.

"आरं, ठेव तो मोबाइल! तू फोटू काढायलास अन् ही भाव चढवायलीय!"

तेवढाच एक तिचा चेहरा माझ्याकडं होता, तोही मला ओरडतानाचा.

तो घेऊन मी उमरग्याला स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाल्यानं बराच वेळ पाहिलं.

"काका, उघड्या तोंडाला हार शोभत न्हाय."

"मग?"

"मिटवू की. बोट बी काढून टाकू. जरीचं पातळ नेसवू, मागं निळा पडदा देऊ. नथ घालायची का?"

"तिनं जन्मात नथ घातली नाही."

"आता घालू की. नथीचं येगळं घेत न्हाय मी."

फुकटची नथ! अक्का असती तर दोन घेतल्या असत्या. मी हसलो, तोही हसला, आणि त्या हसण्याच्या भरात मी "घाला" म्हणालो. माझ्यासमोर त्यानं तिचं तोंड मिटवलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कपाळावरच्या आठ्याही पुसल्या. मी खुर्चीवर बसून बघत राहिलो. थांब म्हणालो नाही.

तेराव्याला फोटो भिंतीवर चढला. भावकीतल्या बायका म्हणाल्या, "लई झ्याक आलाय, लक्ष्मीवाणी." जरीचं पातळ नेसलेली, कुणालाही कधी उलट न बोललेली एक बाई आमच्याकडं बघत होती. मी पंगतीत वाढायला उभा राहिलो, म्हणजे तिकडं पाठ करता आली.

महिन्याभरानं मला राहवेना. तव्यांच्या राशीसमोरचा मूळ फोटो मी छापून घेतला, जाड कागदावर, आणि सास्तूरला गेलो. दाजी ओट्यावर एकटेच होते. मी पाकीट पुढं केलं.

"दाजी, तो स्टुडिओतला उतरवू. हा लावू. ही खरी आहे."

त्यांनी फोटो दोन्ही हातांनी धरला. वर केलेलं बोट, उघडं तोंड, सगळं बघितलं. मला वाटलं, हसतील. मी त्यासाठी तोंड तयारही ठेवलं होतं.

"न्हाय, पाव्हणं," ते म्हणाले. "हा नगं लावायला."

"का हो? लोक काय म्हणतील म्हणून?"

"लोकांचं न्हाय." त्यांनी फोटो पाकिटात घातला आणि माझ्याकडं परत दिला. "ती आतली बाई गप बसती. तिच्यासंगं माझं भागतंय. हिच्याकडं बघितलं की वाटतं, आता ही बोलंल. अन् मग ती बोलत न्हाय."

मी पाकीट पिशवीत ठेवलं.

"बसा, च्या ठेवतो," म्हणून दाजी आत गेले. साखर कोणत्या डब्यात असते ते त्यांना अजून माहीत झालं नव्हतं. एकेक झाकण उघडल्याचा आणि पुन्हा लावल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.