बू विगातीची उलटी रांग

"सगळी मुलं सारखीच दिसायला लागली, की समजावं, आपले डोळे तपासायची वेळ झाली," असं बू विगाती एकदा पालकसभेत म्हणाली आणि चष्मा काढून पदरानं पुसत बसली. पालकांना हसावं की नाही, ते कळेना. मुख्याध्यापिका बू रेत्नो यांनी मात्र कपाळाला हात लावला.

इंडोनेशियात, जावा बेटावरच्या सालातिगा गावातल्या या बालवाडीत विगातीची उभी हयात गेली होती. बुटकी, गोल, चालताना चपला फटफट वाजवणारी. रेत्नो तिच्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यामुळे विगातीला झापायचं, तर आधी 'बू', म्हणजे बाई, म्हणून मान द्यावा लागे, आणि मान देता देता राग अर्धा ओसरून जाई. हे विगातीला पक्कं ठाऊक होतं.

तिच्या वर्गाची एक रीत होती. अधूनमधून एक दिवस एका मुलाचा. त्या दिवशी बाकीच्यांनी त्याच्यासारखं वागायचं. डावखुऱ्या मेलानीच्या दिवशी सगळ्यांनी डाव्या हातानं चित्रं काढली. भूकंप झाल्यावर घरं दिसतात तशी. ते ठीक होतं. पण पोरं घरी जाऊन आज्यांना डाव्या हातानं पाणी द्यायला लागली! जावाच्या आज्या त्या. दुसऱ्या दिवशी फाटकाशी नुसता कालवा.

"डावा हात पुढे केला माझ्या नातवानं! माझ्यापुढे!"

"मग उद्या दोन्ही हातांनी द्यायला लावते, आजी," विगाती म्हणाली. "पेला तरी सांडणार नाही."

तेगारचा दिवस आला, तेव्हा मुलं अंगणभर उलटी चालली. तेगार हा सोयाबीनचे टेंपे तळून विकणाऱ्या निंग्रुमचा मुलगा. बोलायचा क्वचित. मोठा आवाज झाला की आवाजाकडे पाठ करायचा आणि तसाच मागे मागे चालायचा, कुठेही न धडकता. जगाकडे पाठ करूनही वाट सापडते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. गेल्या वर्षी कार्तिनी दिनाच्या, म्हणजे मुलींच्या शिक्षणासाठी झटलेल्या कार्तिनीच्या जयंतीच्या, मिरवणुकीत मात्र ढोल वाजताच तो गर्रकन वळला, आणि मागची रांग पाहुण्यांच्या मंचासमोर पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली.

म्हणून यंदा संस्थेचे अध्यक्ष पाक दार्सोनो, म्हणजे दार्सोनोराव, यांनी बजावलं होतं, "पुन्हा तसं झालं, तर पुढच्या वर्षी या मुलाला आपल्याकडे जागा नाही."

"त्याला त्या दिवशी घरीच ठेवू या ना, बू," रेत्नो अजिजीनं म्हणाल्या. "त्याच्याच भल्यासाठी सांगतेय."

"ठेवू की. पण मग बाकीच्यांनाही ठेवू. योसियासला घाम फार येतो, मेलानीला मध्येच शू लागते. आपण दोघीच जाऊ मिरवत. तुम्ही ढोल घ्या."

मिरवणुकीत कुणी कुठल्या बेटाचा पोशाख घालायचा, ते विगाती चिठ्ठ्या टाकून ठरवी. पोशाख भाड्यानं देणाऱ्या बाईनं पापुआच्या योसियाससाठी पिसांचा मुकुट आधीच काढून ठेवला होता. "याचे केसही आयतेच कुरळे!" पण चिठ्ठीत त्याला जावाची पगडी आणि लाकडी कट्यार आली, आणि मुकुट गेला चिनी घरातल्या मेलानीच्या डोक्यावर. तेगारला मदुरा बेटाचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा सुती सदरा आला. तो टोचत नाही. ती चिठ्ठी विगातीनं तळहातात लपवली होती, हे रेत्नोंनी पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मिरवणूक निघाली. शाळेचं ढोलपथक पुढे, वर्ग मागे. मंचासमोर पथक थांबलं आणि रिवाजाप्रमाणे सगळे ढोल जीव खाऊन वाजायला लागले. तेगार वळला. रेत्नोंनी डोळे मिटले.

काहीच कोसळलं नाही, तेव्हा त्यांनी ते उघडले. योसियास वळला होता. मेलानी वळली होती. अख्खी रांग वळली होती. पथक पुढे सरकलं तशी मुलंही त्याच्यामागून उलटी चालू लागली. एकही धक्का नाही, हसू मात्र कानापर्यंत. मंच मागे पडला, तरी चेहरे मंचाकडेच. योसियासनं तर पगडी सावरत वाकून नमस्कारही ठोकला.

मंचावर प्रमुख पाहुणे असलेल्या साहेबांशेजारी त्यांची म्हातारी आई बसली होती. तिचे डोळे भरून आले. "थोरांना पाठ दाखवत नाहीत पोरं! राजवाड्यातली रीत ही. हल्ली कोण शिकवतं?"

झालं! कार्यक्रम संपल्यावर साहेबांनाही आईला पाठ दाखवायची चोरी झाली. ते उलटेच उतरायला गेले आणि शेवटची पायरी चुकून केळीच्या कुंडीत बसले.

दुसऱ्या दिवशी दार्सोनो शाळेत आले. "हे तुम्हीच शिकवलंत, बू विगाती."

"मी? मी तर सरळ चालत होते. विचारा कुणालाही."

"म्हातारीला काय वाटायचं ते वाटो, मुलगा वळलाच होता ना? मी आधीच बजावलं होतं. पुढच्या वर्षी तो इथे नको. बू रेत्नो, त्याच्या आईला आजच सांगा."

रेत्नोंना अंगणातला तेगारचा दिवस आठवला. कुणी बघत नाहीसं पाहून त्याही दोन पावलं मागे चालल्या होत्या, आणि खांबाला आपटल्या होत्या.

"मी नाही सांगणार, पाक," त्या म्हणाल्या. "तेगार इथेच शिकेल. जागा कमी करायचीच असेल, तर माझी करा."

दार्सोनोंनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग पुटपुटले, "ठीक आहे. राहू दे."

रेत्नोंनी भीत भीत विगातीकडे पाहिलं. आता टोमणा येणार, जन्मभर पुरेल असा. विगातीनं तोंड उघडलं, मिटलं. चष्म्याआडचे ओलावलेले डोळे खाली वळवले, दाराशी काढलेल्या चपला पायात सरकवल्या आणि टोमणा न मारताच निघून गेली.