सुलेखाचं सोंग

सुलेखा मोहितेनं चहा सोडला त्याला तीन वर्षं झाली होती, आणि इस्लामपूरला माहेरी हे सांगायचा धीर तिला अजून झाला नव्हता. धर्म बदलला ते सांगून झालं होतं. आई दोन महिने बोलली नाही, मग बोलायला लागली. पण चहा सोडला म्हटलं असतं तर म्हातारी विमानात बसून आली असती.

नवरा प्रताप जहाजावर इंजिनीअर. सहा महिने पाण्यावर, दोन महिने सिंगापूरला, चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये. तिथं आल्यावर पहिल्याच संक्रांतीला सुलेखा मराठी मंडळींच्या हळदीकुंकवाला गेली होती. ‘मी येतो’, ‘मी करतो’ असं बाईमाणसानं बोलणं तिच्या गावाकडं रीतीचंच. इथं पुण्याच्या दोघी-तिघींनी एकमेकींकडं बघितलं आणि निघताना एकीनं विचारलं, “काय सुलेखाराव, निघालात?” ती परत त्या वाटेला गेली नाही.

पुढं एका दुपारी लांब झग्यातल्या, छातीवर काळी नावपाटी लावलेल्या दोन तरुण पोरींनी बेल वाजवली. सुलेखाचं मोडकंतोडकं इंग्रजी त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. तेवढ्यावर ती मॉर्मन, म्हणजे त्यांच्या ख्रिस्ती पंथाची, झाली म्हटलं तरी चालेल. दारू नव्हतीच, पंथाच्या नियमानं चहा-कॉफीही गेली. मेल्यावरही घरची माणसं एकत्र राहतात असं तिथं शिकवत, ते मात्र तिनं काळजाशी धरलं.

प्रतापनं जहाजावरून फोनवर सांगितलं, “तुला काय करायचं ते कर. पोरीला हात लावायचा न्हाई.”

पोरगी म्हणजे जाई, चौदा वर्षांची. चर्चच्या मुलींच्या वर्गात ती आईबरोबर जायची, गाणी म्हणायची. पण अल्पवयीन पोरीला बापाच्या होकाराशिवाय बाप्तिस्मा द्यायचा नाही असा तिथला नियम. बाकीच्या पोरी पाण्यात बुडून आलेल्या, ही काठावर. मरणानंतर आपण एकीकडं आणि लेक दुसरीकडं, हा विचार सुलेखाला सोडत नव्हता. कुणी चर्चमध्ये विचारलं, “तुझ्यासाठी काय प्रार्थना करू?” तर तिचं एकच उत्तर असायचं.

चर्चनं तिला मुलींच्या वर्गाचे कार्यक्रम बसवायचं काम दिलं होतं. एखाद्या बुधवारी वृद्धाश्रमात गाणी, एखाद्या बुधवारी चपात्या लाटणं. वर्षाअखेरीस आईबापांना बोलावून मोठा कार्यक्रम व्हायचा. श्रद्धा, सचोटी, सत्कर्म अशी आठ मूल्यं, प्रत्येकाचा एक रंग, आणि त्यांवर मुलींनी बसवलेल्या नाटुकल्या. त्या वर्षी, दोन हजार सोळाला, नोव्हेंबरात प्रताप घरी असणार होता. सुलेखानं मनात गाठ मारली : ह्या माणसाला आणून बसवायचं. पोरीला इथं किती जीव लावतात, आपल्याला किती मान देतात, ते त्यानं डोळ्यांनी बघायचं. मग तो नाही म्हणणार नाही.

ठरवाठरवीच्या बैठकीत मुलींची प्रमुख रेचेल, सतरा वर्षांची, गोरीपान, हसरी, म्हणाली की शेवटची नाटुकली ‘सरप्राइझ’ ठेवायची आहे. वर्गाची मोठी बाई सिस्टर लिम (तिथं सगळ्याच बायकांना सिस्टर म्हणत) जरा घुटमळली. तालमीला कुणी मोठ्या माणसानं बसावं का, असं तिनं विचारलं.

“नको,” सुलेखाच म्हणाली. “मुलींनी ठरवायचं, आपण हात मांडीवर ठेवून बसायचं, हीच तर इथली रीत. पोरींवर विश्वास टाकायचा.”

“यू आर सो स्वीट, सिस्टर सुलेखा,” रेचेल म्हणाली, आणि जाईकडं बघून तिनं ओठ दाबले. सुलेखाला ते दिसलं. तिला वाटलं, आपल्या लेकीशी कसं गुळपीठ जमलंय.

आदल्या दिवशी जाईनं आईचा तपकिरी पंजाबी ड्रेस मागितला, दोरीचा चष्मा मागितला, स्टीलचा कप मागितला.

“कशाला गं?”

“कॉस्च्यूम लाह, आई.” इथल्या पोरांसारखं तीही बोलताना ‘लाह’ जोडायची.

सुलेखानं ड्रेसला इस्त्री करून दिली.

शनिवारी दुपारी प्रताप शर्ट खोचून दुसऱ्या रांगेत बसला. “किती येळ चालतंय हे?” असं त्यानं दोनदा विचारलं. श्रद्धा झाली, सचोटी झाली. प्रतापनं जांभई दिली. मग रेचेल पुढं आली आणि म्हणाली, “आता आमच्या सर्वांत लाडक्या सिस्टरसाठी.”

पोटाला उशी बांधून, तपकिरी ड्रेस घालून जाई आली. कमरेवर हात, मान वाकडी. “गर्ल्स, गर्ल्स. टुडे आय विल टीचिंग यू चपाती. जीझस इज लाइक चपाती. फर्स्ट फ्लॅट, देन कम्स अप.”

सगळा हॉल हसत सुटला. हे वाक्य सुलेखा खरंच बोलली होती, मार्चमध्ये, आणि तेव्हा मुलींनी गंभीरपणे माना डोलावल्या होत्या. सगळे वळून तिच्याकडं बघायला लागले तशी तीही हसली. हसू तोंडावर तसंच धरून बसली.

जाईनं मग स्टीलचा कप काढला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कप नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि लांब श्वास ओढला, एकदा, दोनदा. मग दचकून डोळे उघडले, कप लांब धरला आणि वर आकाशाकडं बघून म्हणाली, “सॉरी, हेवनली फादर. ओन्ली स्मेल.”

प्रताप घरी असला की रोज सकाळी त्याचा चहा गाळताना सुलेखा असंच करायची. घरी कुणी बघत नाही अशी तिची समजूत होती.

सगळ्यांत मोठ्यानं प्रताप हसला. मांडीवर थापा मारून, डोळे पुसत हसला. “आयला, हुबेहूब,” तो म्हणाला. “तशीच करती ही. मी बघितलंय की.”

कार्यक्रम संपल्यावर चर्चचे प्रमुख, बिशप, हात मिळवायला आले. प्रताप आपणहून म्हणाला, “पोरगी लई खूश आहे तुमच्यात. मला वाटलं होतं सारखी रडारड असंल. तुमचं ते पाण्यातलं काय असतंय ते घ्या करून. पुढच्या शनिवारी चालंल?”

सिस्टर लिमनं सुलेखाला मिठी मारली. “तुझी प्रार्थना ऐकली गेली,” ती कानात म्हणाली. सुलेखानं थँक यू म्हटलं. सिस्टर लिमला म्हटलं, बिशपना म्हटलं, रेचेल आली तेव्हा तिलाही म्हटलं.

घरी येताच प्रतापनं पाय पसरले. “सुले, च्या टाक.”

तिनं आधण ठेवलं. आलं ठेचलं. कपात चहा गाळताना मान मागं घेतली आणि श्वास धरला.

दारात जाई उभी होती, हातात फोन. “आई, डू अगेन लाह. रेचेलला वाटतंय मी बनवून सांगितलं.”

“काय?”

“स्मेल. खरं खरं. ग्रुपवर टाकायचंय.”

“जाई, चहा निवतोय बाबांचा.”

“फाइव्ह सेकंद्स ओन्ली.” पोरीनं फोन जरा खाली केला. तोंड पडलं. “नाही तर मी सॅटर्डेला नाही जाणार. व्हॉट फॉर? सगळ्या मला लायर म्हणणार.”

बाहेरून प्रताप म्हणाला, “कर की गं, पोरगी म्हणतीय तर. काय झिजतंय का तुझं?”

शनिवार एका आठवड्यावर होता. सुलेखानं ओट्यावरचा कप दोन्ही हातांनी उचलला.

“चष्मा घाल,” जाई म्हणाली.

तिनं चष्मा घातला. कप नाकाशी नेला. काचा वाफेनं पांढऱ्या झाल्या. तिनं आत ओढलं, आलं, साखर, आसामची पत्ती, सगळं.

“अजून एकदा,” जाई म्हणाली. “आणि वर बघ.”

सुलेखानं वर बघितलं.