दातवाल्या बाईंचा टॅबमधला दात

दातवाल्या बाई माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते माझ्या दाढेबद्दल. मी म्हणालो, "नमस्कार, मी इथला शिक्षक." त्या म्हणाल्या, "डाव्या बाजूनं चावत नाही तुम्ही. किती दिवस झाले?" ओळखपाळख नंतर झाली.

बाईंचा दवाखाना नागपुरात, महाल भागात. पण दर दुसऱ्या गुरुवारी तो बंद ठेवून त्या पारशिवनीजवळच्या आमच्या शाळेत स्वतःची गाडी हाकत यायच्या. गाडी चालवण्यात त्यांना विशेष गती नव्हती, म्हणून फाटकाशी आवाज आला की पोरं भिंतीला चिकटून उभी राहायची.

सुरुवातीला त्यांनी दातांवर भाषण दिलं. पोरं झोपली. पुढच्या खेपेला बाईंनी टॅब आणला. त्यात त्यांच्या भाचीनं बनवलेला गेम होता. डोळे असलेला एक दात, त्याच्यावर काळ्या किडींची फौज, आणि बोटानं फिरवायचा ब्रश. दोन मिनिटं नीट घासलं की दात खदखदा हसायचा. पोरं वेडी झाली. बाई मात्र दुसऱ्या लेव्हलच्या पुढे कधी गेल्या नाहीत. तिसरीतली प्रांजल त्यांचं बोट धरून शिकवायची, "असं आडवं नाही बाई, गोल फिरवा न!" दंतवैद्य बाई मुकाट्यानं गोल फिरवायच्या.

प्रांजल सगळ्यांत पुढे होती. म्हणून बाईंनी तिला शाबासकी द्यायला बोलावलं आणि सवयीनं "आ कर" म्हणाल्या. तिच्या तीन दाढा किडलेल्या निघाल्या.

"काहून वं? गेममधला दात रोज घासते, अन् तुझा?"

"गेममधला घासला तर तो हासते न, बाई. माझा काहीच करत नाही."

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. डबा तसाच ठेवून मला म्हणाल्या, "मी पोरायले गेमचा नाद लावून राहिली काय, सर? दात तर तसेच किडून राहिले." एरवी मी त्यांची थट्टा करायचो. त्या दिवशी मी त्यांचा डबा बंद करून पिशवीत ठेवला.

महिनाभर त्या आल्या नाहीत. मला वाटलं, संपलं. मग एका गुरुवारी फाटकाशी तोच आवाज. भाचीकडून त्यांनी गेम बदलून आणला होता. आता बोट लावायचंच नाही. टॅब हापशीच्या ओट्यावर उभा करायचा, पडद्यावरचा दात सांगेल तसा खराखुरा ब्रश स्वतःच्या तोंडात फिरवायचा. ब्रशांची पिशवीही त्यांनीच आणली होती. दुपारची खिचडी खाऊन झाली की सगळी शाळा ओट्यापाशी. बाई स्वतः तोंडात फेस घेऊन सूचना द्यायच्या. एक अक्षर कुणाला कळायचं नाही, पोरं हसून हसून फेस सांडायची. मला वाटलं, मी शिक्षक, मी सुटलो. तर माझ्याही हातात ब्रश आला.

प्रांजलची आई तिला बसनं बाईंच्या दवाखान्यात घेऊन गेली. दोन दाढा भरल्या, एक दुधाची होती ती काढली. दुसऱ्या दिवशी पोरगी वर्गात तोंड उघडं ठेवूनच बसली होती, सगळ्यांना दिसावं म्हणून.

गेल्या वर्षी बाई दवाखाना बंद करून मुलाकडे बंगळुरूला गेल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी टॅब शाळेला दिला. तो माझ्या हातात देताना चार्जर कसा लावायचा हे तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा चुकीचं. पोरं रांगेनं पाया पडली. प्रांजल पाया पडून उठली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, आ करा."

बाईंनी इकडे तिकडे पाहिलं. मग पायरीवर बसून आ केला. प्रांजलनं डोकं वाकडं करून नीट आत पाहिलं.

"मागच्या दोन दाढाच नाहीत तुमच्या!"

"लहानपणीच गेल्या, पोरी," बाई म्हणाल्या. "मले कोनी आ कर म्हटलंच नाही."

प्रांजलनं बाईंची हनुवटी दोन बोटांनी धरली आणि हळूच तोंड मिटवून दिलं.