टिंबापुढची जागा

आमच्या गावाचा देव कोकणात राहतो आणि गावाचं मंडळ लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत होतं. पूर्वी गिरणीत लागलेली गावची माणसं या खोलीत पाळीपाळीने झोपायची. पुढे गिरण्या गेल्या, पण परळला मोठी इस्पितळं आहेत. गावात कुणाला मोठं दुखणं झालं की तो फाईल छातीशी धरून थेट खोलीवर यायचा. चटई मिळायची, चहा मिळायचा, सकाळी केसपेपरच्या रांगेत उभं राहायला सोबत मिळायची. दारात फक्त एक प्रश्न विचारला जायचा, ‘खयच्या वाडीतलो?’ वरच्या वाडीचा असला तर खालच्या वाडीचे लोक चहा जरा उशिरा ठेवायचे, एवढंच.

चाळ पाडायचं ठरलं, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष म्हणजे माझे थोरले काका एकाच काळजीने पोखरून निघाले. खोली गेली तर गावचा पेशंट उतरणार कुठे? नवी इमारत उभी राहीपर्यंत मंडळाला पत्ताच नव्हता. मी दादरच्या एका ऑफिसात वेबसाइट बनवण्याचं काम करते. मी सुचवलं, शीव, शिवडी, परळ, जिथे जिथे आपले लोक आहेत आणि जे एखाद्या पेशंटला घरी ठेवून घेऊ शकतात, त्यांचे फोन नंबर एका वेबसाइटवर टाकू. गावात मोबाइल सगळ्यांकडे आहे. काकांचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच पेंटर बोलावला आणि खोलीच्या दारावर ‘मंडळाचा नवा पत्ता’ असं लिहून घ्यायला सुरुवात केली. पेंटरने गावाचं नाव इंग्रजीत झोकात रंगवलं, पुढे टिंब दिलं आणि विचारलं, ‘आगे क्या?’

तिथे घोडं अडलं. मी सभेत समजावलं की टिंबानंतर डॉट कॉम, डॉट इन, डॉट ऑर्ग असं काहीतरी लागतं. गिरणीत उमर घालवलेले एक आजोबा तडक उठले. ‘कॉम म्हणजे कंपनी. कंपनीन गिरणीक टाळा घातल्यान. आता गावाच्या नावामागे तीच लावतास?’ कॉम तिथेच बाद झालं. मग कुणीतरी मराठीत डॉट भारत घेऊया म्हणालं. टाळ्या वाजल्या. प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर ते मराठी अक्षरांत टाइप करायची खटपट केली आणि टाळ्या हळूहळू थांबल्या.

उरले दोन. खालच्या वाडीच्या खजिनदारांना ऑर्ग हवं होतं, कारण आपण संस्था आहोत, दुकान नाही. वरच्या वाडीला इन हवं होतं, कारण गाव भारतात आहे. आणि मुख्य कारण, खालच्या वाडीला ऑर्ग हवं होतं. मी म्हटलं, दोन्ही घेऊ, एकावर आलेला माणूस आपोआप दुसऱ्यावर जाईल. सभा क्षणभर खूश झाली. मग मागून आवाज आला, ‘मेन खयचा?’ आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. पेशंटांसाठी घर उघडणाऱ्यांचे नंबर गोळा करायचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. मी काढला तर उत्तर मिळालं, आधी नाव तर ठरू दे.

शेवटी तोडगा निघाला तो आमच्या गावालाच शोभणारा. देवाला कौल लावायचा. आमच्याकडे लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं देव ठरवतो. पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. जी पाकळी आधी पडेल तो देवाचा निकाल. गावी गुरवाला फोन गेला. उजवी पडली तर ऑर्ग, डावी पडली तर इन. आम्ही खोलीत व्हिडिओ कॉल लावून मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला. गुरवाने विचारलं, ‘देवाक डॉट कसो सांगू?’ काका म्हणाले, ‘टिंब म्हण. देवाक टिंब कळता.’

गाऱ्हाणं झालं. सगळी खोली श्वास रोखून बसली होती, आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. चित्र परत आलं तेव्हा दोन्ही पाकळ्या खाली होत्या. ‘उजवी आदी पडली,’ गुरव म्हणाला. वरच्या वाडीकडून ताबडतोब आठवण करून देण्यात आली की गुरवाची लेक खालच्या वाडीत दिली आहे. संध्याकाळपर्यंत दोन्ही वाड्यांनी आपापली वेबसाइट स्वतंत्रपणे विकत घेतली होती. माझ्याकडून नाही. माझ्यावर आता दोघांचाही विश्वास नव्हता.

खोली रिकामी करायच्या दिवशी आम्ही भांडी आणि देवाची तसबीर जिन्यावरून उतरवत होतो. दारावर टिंबापुढची जागा तशीच मोकळी होती. तेवढ्यात गावचं एक जोडपं वर आलं. नवऱ्याच्या हातात एक्स-रेची पिशवी, बायकोच्या हातात त्याचा दंड. तो भिंतीला टेकूनच खाली बसला.

काकांनी तिला विचारलं, ‘वेबसाइट नाय बघलास?’

‘मुलग्यान बघल्यान,’ ती म्हणाली. ‘दोन दोन असत म्हणालो. एकीत तुमच्या कमिटीचे सत्कार, दुसऱ्येत देवळाचे फोटो. फोन नंबर खयच नाय. मगे म्हटला, खोलीवरच जावया.’

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, दोन्ही वाड्यांचा, आणि थोडा देवाचाही. खोक्यांवर नावं घालायचा मार्कर माझ्या हातात होता. काकांनी तो मागून घेतला आणि टिंबाच्या पुढे, पेंटरने सोडलेल्या जागेत, स्वतःचा मोबाइल नंबर लिहिला. आकडे वाकडे आले. मग त्यांनी एक्स-रेची पिशवी उचलली आणि त्या दोघांना टॅक्सीत घालून शिवडीला आपल्या घरी नेलं.

मी त्या दाराचा फोटो काढला आणि गावच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकला. चाळ आता जमीनदोस्त झाली आहे. दोन्ही वेबसाइट चालू आहेत आणि त्यांवर नवे सत्कार चढत असतात. गावात कुणी आजारी पडलं की तो दाराचा फोटो एका मोबाइलवरून दुसऱ्यावर जातो, आणि शिवडीला फोन वाजतो. काका तो उचलतात, कधी येताय एवढंच विचारतात, आणि वाडी विचारत नाहीत.