सोन्याच्या पेठेची सफाई

सोन्याला वास नसतो असं सांगणाऱ्यांनी पाथर्डीच्या पलीकडची ती पेठ पाहिलेली नाही. मी पाहिली आहे, नाकाला पदर घट्ट बांधून पाहिली आहे. आजही कुणी माझ्यासमोर वारसा, संवर्धन असले शब्द काढले की आधी माझा हात नाकाकडे जातो आणि मग मला हसू येतं. समोरच्याला वाटतं, बाईंना इतिहासाचं प्रेम दाटून आलं.

बाहत्तरचा दुष्काळ होता. मी नगरला कॉलेजात शिकत होते, गॅदरिंगच्या नाटकात राण्या करत होते आणि त्यामुळे आपण कुठल्याही भूमिकेत शोभतो अशी माझी समजूत होती. आमच्या इतिहासाच्या बाई उंच, काटक, कायम फिक्या सुती साडीत. देवळाची पायरी त्यांनी चढलेली कुणी पाहिली नव्हती. देऊळ जुनं असेल तर मात्र त्या बाहेरूनच तासभर त्याचे दगड बघत. अशा या बाईंचा जीव एका उजाड पेठेत अडकला होता.

पेठ एका गावाच्या कडेला, ओढ्याच्या काठाने होती. फार पूर्वी म्हणे या ओढ्याच्या वाळूत सोन्याचे कण सापडले आणि वर्षभरात तिथे माणसांची झुंबड उडाली. वाळू धुणारे आले, सोनार आले, त्यांच्यामागे वाणी, हलवाई, जुगारी आले. दोन्ही बाजूंना घडीव दगडांची दुकानं उभी राहिली. ओढ्याच्या खडकात वाळू धुवायला ओळीने डोण्या कोरल्या गेल्या. मग सोनं संपलं आणि माणसं आली तशी निघून गेली. बाईंचं मत वेगळं होतं. आपल्या काळ्या दगडात सोनं कुठलं, त्या म्हणत. वरच्या अंगाला कुणाचं तरी पुरलेलं गाठोडं पुरात फुटलं असणार. ते चार महिन्यांत वेचून झालं असेल. पण बातमी वर्षानुवर्षं पुरली आणि ही सगळी पेठ त्या बातमीवर जगली. हे सांगताना बाईंचा चेहरा असा उजळायचा की जणू तो पहिला कण त्यांनाच सापडला होता.

दुष्काळी कामावर त्या गावाला खडी फोडायचं काम मिळालं होतं. मुकादमाने पेठ पाहिली आणि त्याला जे सुचलं ते कुणालाही सुचलं असतं. घडीव दगड आयते पडलेत, मग उन्हात डोंगर कशाला फोडायचा? बाईंनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे जुन्या वास्तू बघणारे एक साहेब रविवारी पुण्याहून यायचे ठरले. त्यांना पेठ जपण्यासारखी वाटली तर दगडांना कुणी हात लावणार नव्हतं. नाही वाटली, तर सोमवारपासून घण. तोवर मुकादमाला थोपवून धरायचं सरपंचांनी कबूल केलं होतं.

पण साहेबांना पेठ दिसायला तर हवी. ती दिसत नव्हती, कारण गावाने ती पिढ्यान्‌पिढ्या सकाळच्या विधीसाठी वापरली होती.

बाईंनी वर्गात विचारलं, कोण येणार? पहिला हात माझा. माझ्या डोळ्यांसमोर डोक्याला रुमाल बांधलेली, मऊ ब्रशने शिलालेख पुसणारी मी होते. हातात फावडं आणि घमेलं आलं तेव्हा माघार घ्यायची वेळ टळून गेली होती.

घाणीला थर असतात हे मला तिथे कळलं. वरच्या थराचं वर्णन मी करणार नाही. हे वाचून कुणाला जेवायला बसायचं असेल. त्याखालचा थर राखाडी, भुसभुशीत, जरा फावडं लागलं की धूर होऊन वर उठणारा आणि थेट घशात उतरणारा. त्याखाली बकऱ्यांच्या लेंड्या, हाडं, फुटकी खापरं, एक मेलेलं मांजर चामड्यासारखं सपाट झालेलं. बाई कमरेला पदर खोचून आमच्या पुढे काम करत होत्या आणि म्हणत होत्या की इतिहासही असाच थराथराने वाचायचा असतो. आमच्यातल्या एकाने तिथेच ओकारी केली. मग तोही थर आम्हीच काढला.

डोण्यांचं तर विचारूच नका. मागच्या साली कुणीतरी त्यात घायपात सडवायला टाकलं होतं. दोर वळायला वाख काढून नेले आणि उरलेला लगदा तसाच सोडला. पाणी आटलं, लगदा वाळला, पण वास वाळला नाही. डोणीत वाकून तो खरवडताना मी श्वास रोखून धरायची आणि बाहेर तोंड काढून घ्यायची, आणि बाहेरची हवाही काही फार वेगळी नव्हती. टँकरचं पाणी प्यायलाच पुरत नव्हतं, तेव्हा हात राखेने घासायचे आणि त्याच हातांनी मिलोची, म्हणजे रेशनवरच्या अमेरिकन ज्वारीची, लाल भाकरी तोडायची. त्या भाकरीची चव मी नाटकातली सगळी कला पणाला लावूनही चेहऱ्यावर लपवू शकले नाही.

आणि इतकं करून उपयोग शून्य. संध्याकाळी साफ केलेला तुकडा सकाळी पुन्हा नटलेला. एका सकाळी एक म्हातारेबाबा टमरेल घेऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, "पोरी, जरा तिकडं सरक. आमाला लाज वाटती." लाज त्यांना वाटत होती आणि जागा मी सोडायची होती. मी सोडली.

गाव हा तमाशा बघत होतं. खडीच्या कामावरच्या बायका येता-जाता थांबायच्या, तोंडाला पदर लावायच्या आणि आमच्या आईबापांची कीव करायच्या. मग त्यांच्यातल्या एकीने, डोक्यावरची पाटीसुद्धा न उतरवता, जे म्हटलं त्यातून पुढचं सगळं घडलं.

"शिकली-सवरल्याली पोरं दुसऱ्याची घान फुकट काढत्यात व्हय? खाली काय तरी हाय, बायांनो."

यावर बोलायला जागा होती का? गावाच्या सगळ्या अनुभवात कुणी फुकट घाण काढल्याचं ऐकिवात नव्हतं. पेठ सोन्याची होती हे तर पोराटोरांना ठाऊक. दोन्ही गोष्टी जोडायला गावाला एक दुपार पुरली.

दुसऱ्या दिवशी टमरेलवाला एकही माणूस आला नाही. सोन्याच्या जागेवर कोण बसेल? आमचा आनंद आम्ही जेवून परत येईपर्यंत टिकला. येऊन बघतो तर पेठेत कुदळी, टिकाव, खोरी, घरातल्या पिठाच्या चाळण्या. दुकानांचे उंबरे उचकटलेले, फरशीखाली खड्डे. माझे ते लाजरे म्हातारेबाबा डोणीपाशी बसले होते आणि टमरेलातल्या पाण्याने वाळू धूत होते. प्यायच्या टँकरचं पाणी. शेजारच्या खड्ड्यात दोन सख्खे चुलतभाऊ एकमेकांच्या आया उद्धारत होते, कारण खड्डा एकाने सुरू केला होता आणि दुसऱ्याला त्यात काहीतरी चकाकताना दिसलं होतं. तो काचेच्या बांगडीचा टवका निघाला, तरी भांडण थांबलं नाही. मला त्या क्षणी वरच्या थराची आठवण येऊन जरा बरं वाटलं, इतकी ती दुपार किळसवाणी होती.

बाई एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्याकडे जात होत्या, सांगत होत्या की इथे सोनं नाही, कधीच फारसं नव्हतं. लोक अदबीने ऐकून घेत आणि बाई पुढे गेल्या की एकमेकांना म्हणत, "एवढं न्हाई न्हाई म्हंत्यात, म्हंजी हाय."

संध्याकाळी सरपंच आले. धिप्पाड माणूस, बाईंबद्दल त्यांना खरा आदर होता. डोण्यांच्या काठावर बाईंपासून जरा अंतर ठेवून ते बसले आणि म्हणाले, "पोलीस आनून काय उपेग न्हाई, बाई. देव बसवू."

बाई म्हणाल्या, "माझ्या पेठेला शेंदूर लागणार नाही."

"मंग कुदळ लागंल. दोन्हीतलं एक सांगा."

आम्ही सगळे बाईंकडे बघत होतो. त्या ओढ्याच्या कोरड्या पात्राकडे बघत होत्या. तिकडेच बघत त्या म्हणाल्या, "एकच दगड. कोपऱ्यातला. त्याला नक्षी नाही असा बघा."

पेठेच्या तोंडाशी एक ओबडधोबड दगड होता. सरपंचांनी त्याला शेंदूर-तेल चोपडलं आणि सकाळी चावडीवर जाहीर केलं की पेठेचा राखणदार स्वप्नात आला होता आणि फार चिडला होता. तासाभरात सगळ्या कुदळी घरी गेल्या. चुलतभाऊसुद्धा एकमेकांच्या पाया पडले.

आम्ही खड्डे बुजवायला लागलो, तोवर पहिला नारळ फुटला. मग कोंबडी आली. दुष्काळात पावसासाठी गावाचे सगळ्या जुन्या देवांचे पाय धरून झाले होते. हा नवा होता, त्याच्यापुढे अजून कुणी रडलं नव्हतं. शेजारच्या वाड्या-वस्त्यांवरून माणसं आली. एका बाईच्या अंगात आलं. बोकड कापले गेले. पिसं, रक्त, आंबलेलं नारळाचं पाणी, वितळून ओघळणारं तेल, आणि त्या सगळ्यावर माश्यांचं असं काळं पांघरूण की शेंदूर हलतोय असं वाटावं. आधीची घाण निदान मुकाट पडून तरी होती. हिच्यात हलगी वाजत होती. मी बाहेर येऊन उभी राहिले तर एका आजीने माझ्या तोंडात जबरदस्तीने प्रसादाचं खोबरं कोंबलं. त्यावर एक माशी होती. पुढचं सांगत नाही.

तेवढ्यावर थांबली तर ती भक्ती कसली? देव उघड्यावर, जमिनीवर बसलाय हे लोकांना बघवेना. चौथरा पाहिजे. दगड समोरच होते. आम्हाला एक घमेलं उचलून न देणारे बाप्ये आता भजन म्हणत, घाम गाळत, पेठेतल्या सगळ्यात देखण्या दुकानांच्या कमानी उतरवत होते. आम्ही अडवायला गेलो तर एकजण समजुतीने म्हणाला, "ताई, आमी बी श्रमदानच करतोय की."

रविवारच्या पाहुण्यांसाठी म्हणून उरलेल्या खांबांना चुना आणि गेरू फासण्यात आला. डोण्यांनाही. सरपंच अभिमानाने बाईंना म्हणाले की आता कशी नवीकोरी दिसती. बाईंनी मान हलवली.

साहेब जीपमधून उतरले आणि त्यांनी पहिल्यांदा रुमाल नाकाला लावला. गावाने त्यांना हार घातला, आधी देवापुढे नेलं, हातात नारळ दिला. मग ते बाईंबरोबर शेवटपर्यंत फिरले. सज्जन माणूस होता. डोण्यांपाशी तर गुडघ्यावर बसून त्यांनी नखाने चुना खरवडून पाहिला. उठून ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण बाई, आज हे नांदतं देवस्थान आहे. मला हे जुनी पेठ म्हणून घेता येणार नाही."

जीप गेल्यावर बाई त्या चुन्यातच बसल्या. साडीला पांढरे डाग पडले, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

सोमवारी उजाडताच मुकादम आला. मागे खडीच्या बायका, पाट्या आणि घण घेऊन. आमचं सामान बांधून झालं होतं, एस.टी.ला वेळ होता म्हणून केवळ आम्ही तिथे होतो, आणि बाई, कारण त्यांना ते बघायचं नव्हतं तरी जाववत नव्हतं. मुकादमाने उरलेल्यांतल्या पहिल्या कमानीकडे हात केला. एकही बाई जागची हलली नाही. मग तीच, पाटीवाली, जिने खाली काहीतरी असल्याचं ओळखलं होतं, ती म्हणाली, "मुकादम, देवाच्या दारचा दगड हाय. पयला घण तुमी घाला."

मुकादमाने चौथऱ्याकडे पाहिलं, तेलात बुडालेल्या त्या दगडाकडे पाहिलं. चपला काढल्या, वाकून नमस्कार केला आणि बायकांना घेऊन डोंगराच्या वाटेला लागला.

सरपंचांनी बाईंना सोडायला एस.टी.च्या फाट्यापर्यंत यायचं काही कारण नव्हतं, पण ते आले. चालता चालता म्हणाले, "दगड ऱ्हात्यात आता. पन देव चालता ऱ्हायला पायजे. लोकं इसरली का घण आलाच म्हनून समजा."

बाईंनी ते मनात पक्कं धरलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्या दर वर्षी एकदा तिथे गेल्या. मला जमेल तेव्हा मी सोबत असायची. पिशवीत नारळ, शेंदराची पुडी, गोडेतेलाची बाटली. नगरमधल्या कुठल्याही देवापुढे न वाकलेल्या या बाई माश्यांतून वाट काढत चौथऱ्यावर चढत, मागच्या वर्षीच्या चिकट थरावर स्वतःच्या बोटांनी नवा शेंदूर थापत, आणि तोंड असं करत की पेला भरून एरंडेल पाजलंय. रांगेतल्या बायका म्हणत, बाईंची लई भक्ती. खाली उतरल्या की बाई डोण्यांपर्यंत जात, सगळ्या जागेवर आहेत ना ते बघत आणि लगेच निघत.

परतीच्या एस.टी.त नगर येईपर्यंत त्या आपले दोन्ही हात खिडकीबाहेर धरून बसत.